ताई, आय-सेव्हन टाकू का?

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच प्रश्नाभोवती आहेत: जुन्या डेस्कटॉपचा प्रोसेसर बदलावा का, आणि बदलायचा तर कसा. त्यामुळे या अंकातलं सदर पूर्ण त्यालाच दिलं आहे. जिंतूरच्या पत्राला सगळ्यात जास्त जागा दिली, कारण परभणीत माझ्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या मशीनपैकी कितीतरी मशीन अशीच असतात आणि त्यांच्यावर एखाद्या घराची रोजची चूल चालते.

प्रश्न: ताई, नमस्कार. माझं जिंतूरला झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. मशीन २०१२ चं, असेंबल केलेलं. आय-थ्री २१२०, एच-६१ बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. सकाळी चालू केलं तर झाडलोट, पूजा होईपर्यंत नीट उघडत नाही. क्रोममध्ये सात-आठ टॅब असले आणि मध्येच पासपोर्ट फोटोसाठी फोटोशॉप उघडलं की लई हँग व्हायलंय. पीक विम्याच्या शेवटच्या दिवसांत आणि बारावीच्या निकालानंतर दारात रांग लागते अन् मी नुसता माऊस हलवत बसतो. एक दुकानदार म्हणतो, प्रोसेसर काढून आय-सेव्हन टाका, मशीन पळेल. दुसरा म्हणतो, सगळंच भंगारात द्या. आय-सेव्हन टाकल्यावर विंडोज ११ चालेल का? पैसे एकदाच घालायचेत. काय करू?
— एक वाचक, जिंतूर

उत्तर: दादा, आत्ता प्रोसेसरला हात लावू नका. मशीन सकाळी उशिरा उघडतं, ही तक्रार हार्ड डिस्कची आहे. टॅब आणि फोटोशॉप एकत्र आले की अडकतं, ती रॅमची. या दोन्ही दूर केल्यावर काही उरलंच, तर प्रोसेसरकडे बघू.

मी म्हणते म्हणून मान्य करू नका, स्वतः बघा. दुकानात गर्दी आहे, मशीन अडकलंय, नेमकं तेव्हाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटीच चौकट आली तर खालचं ‘मोअर डिटेल्स’ दाबा. वरच्या बाजूला सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क असे रकाने असतात, त्यावर टक्के दिसतात. डिस्क १०० वर चिकटली आहे आणि सीपीयू वीस-तीसच्या आसपास आहे, तर प्रोसेसर रिकामा बसलाय, हार्ड डिस्ककडून माहिती यायची वाट बघतोय. त्याच्या जागी आय-सेव्हन बसवला तर तोही तसाच बसून राहील. मेमरी ९० च्या वर गेली असेल तर रॅम भरली आहे. रॅम भरली की विंडोज उरलेला माल हार्ड डिस्कवर उतरवतं, आणि मग डिस्कही १०० वर जाते. तुमच्याकडे हे दोन्ही एकत्र दिसेल असा माझा अंदाज आहे. सीपीयूच ९० च्या वर बराच वेळ टिकून आहे आणि बाकी दोन्ही मोकळे आहेत, असं दिसलं तरच प्रोसेसर कमी पडतोय म्हणायचं. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या, काही काम चालू नसताना ही तपासणी करून उपयोग नाही.

तुमच्या धंद्यात आणखी एक गोष्ट वेगळी काढावी लागते, ती म्हणजे साइट. जुलैअखेर पीक विम्याला अख्ख्या राज्यातून एकाच वेळी लोक तुटून पडतात. तेव्हा टास्क मॅनेजरमधले तिन्ही रकाने शांत असतील आणि पान मात्र गोल गोल फिरत असेल, तर अडचण तुमच्या टेबलावर नाहीच. मोबाइलच्या नेटवर तेच पान उघडून बघा. तिथंही अडकलं, तर जगातला कुठलाही प्रोसेसर ते उघडू शकत नाही. गिऱ्हाइकाला तो मोबाइल दाखवा, त्याचीही समजूत पटते.

आता खर्चाचं. पहिला पैसा एसएसडीला, म्हणजे हार्ड डिस्कचंच काम करणाऱ्या चिपवाल्या डिस्कला. २५६ जीबीची, अडीच इंची, साटा जोडणीची घ्या. एम-डॉट-टूची चपटी पट्टी घेऊ नका, तुमच्या बोर्डावर तिला जागा नाही. एच-६१ चे साटा पोर्ट जुन्या ३ गिगाबिट वेगाचे आहेत, त्यामुळे नवी एसएसडी तिच्या साधारण निम्म्या वेगानं चालेल. हे कारण पुढं करून कोणी बोर्डच बदलायला सांगेल, तर ऐकू नका. हार्ड डिस्कमध्ये वेळ जातो तो आतल्या फिरत्या तबकडीवर हेड इकडून तिकडे नेण्यात. विंडोज उघडताना हजारो बारक्या फाइल वाचाव्या लागतात आणि प्रत्येकीसाठी हेड हलतं. एसएसडीत हलणारा भागच नाही. म्हणून निम्म्या वेगाची एसएसडीसुद्धा तुमची सकाळ बदलून टाकेल. जुनी हार्ड डिस्क आतच राहू द्या, गिऱ्हाइकांचे स्कॅन आणि फोटो तिच्यावर ठेवा. मात्र काहीही करण्याआधी महत्त्वाच्या फाइल पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. इतक्या वर्षांची डिस्क कधी जाईल ते ती सांगून जात नाही.

दुसरा पैसा रॅमला. तुम्हाला डीडीआर-थ्री लागेल. एच-६१ बोर्डाला बहुधा दोनच स्लॉट असतात. सध्या ४ जीबीची एकच स्टिक असेल तर तशीच दुसरी घ्या. २-२ जीबीच्या दोन असतील तर दोन्ही काढून ४-४ च्या घाला. दोन सारख्या स्टिक असल्या की बोर्ड दोन्हीकडून एकदम वाचतो, त्याचा स्क्रीनवरच्या चित्रालाही फायदा होतो, कारण तुमच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. इथं एक फसगत होते. बाजारात डीडीआर-थ्रीच्या काही स्वस्त स्टिक मिळतात, त्या फक्त एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरवाल्या बोर्डावर चालतात. तुमच्यासारख्या इंटेलच्या बोर्डात घातल्या की स्क्रीन काळी. ‘इंटेलला चालणारी’ असं बिलावर लिहून घ्या. एकच ८ जीबीची स्टिक घ्यायची असेल तर दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिप असलेली बघून घ्या. आठच मोठ्या चिप असलेली ८ जीबीची स्टिक तुमच्या पिढीचा प्रोसेसर ओळखत नाही.

तिसरं काम जवळजवळ फुकटातलं आहे, आणि आपल्या भागात ते कोणी मनावर घेत नाही. मागे मोंढ्यातल्या एका अडत दुकानाचं मशीन माझ्याकडे आलं. सकाळी बरं चालायचं, दुपारी बारानंतर टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटायचं. त्यांनाही प्रोसेसर बदला असंच सांगितलं गेलं होतं. कॅबिनेट उघडलं तर हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये कापसाचं तूस आणि धूळ यांचा जाड थर बसलेला. पंखा फिरत होता, पण खालपर्यंत हवाच पोचत नव्हती. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. एप्रिल-मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश, वर पत्रा, कॅबिनेट टेबलाखाली भिंतीला चिकटलेलं, मग दुसरं काय होणार? ब्लोअर मारला, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, मशीन दुपारीही सकाळसारखं चालू लागलं. तुमचं मशीन उन्हाळ्यातल्या दुपारीच जास्त अडकत असेल, तर आधी हे करून घ्या.

एवढं करून महिनाभर वापरा. मग पुन्हा गर्दीच्या वेळी टास्क मॅनेजर उघडा. सीपीयूचा रकाना तरीही वरच टेकलेला असेल, तर प्रोसेसरचा विचार करायला मी स्वतः सांगेन.

तेव्हा कोणता घ्यायचा? तुमच्या बोर्डाचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, ११५५ क्रमांकाची. त्यात इंटेलच्या दोनच पिढ्या बसतात: २०११ ची दुसरी आणि २०१२ ची तिसरी. चौथ्या पिढीचं सॉकेट वेगळं, ११५०. तुमच्या आय-थ्रीत दोन कोअर, म्हणजे काम करणारे दोन भाग, आहेत. मी तुम्हाला आय-फाइव्ह ३४७० सुचवेन, त्यात खरे चार कोअर आहेत. आय-सेव्हन ३७७० त्याच सॉकेटचा राजा, चार कोअर आणि आठ थ्रेड, म्हणजे एका वेळी कामाच्या आठ ओळी. पण त्या सॉकेटवाल्या सगळ्यांनाच तो हवा असतो, म्हणून जुन्या बाजारातही त्याचा भाव चढा असतो, आणि फॉर्म भरणं, स्कॅन करणं, प्रिंट काढणं यात त्या जास्तीच्या थ्रेडना काही कामच मिळत नाही. जुनी फोटोशॉप, कोरल अशी सॉफ्टवेअर बहुतेक वेळ एकाच कोअरवर चालतात. त्यांच्यासाठी आय-फाइव्ह आणि आय-सेव्हनमधला फरक हाताला जाणवणार नाही.

पिढीत एक मेख आहे. दुसऱ्या पिढीच्या काळातल्या एच-६१ बोर्डावर तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर चालायचा तर बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, नवं करावं लागतं, आणि तेही जुना प्रोसेसर आत असतानाच. आधी नवा बसवला तर स्क्रीनच येणार नाही. सीपीयू-झेड हे छोटं फुकट सॉफ्टवेअर टाका, त्यातल्या ‘मेनबोर्ड’ पानावर बोर्डाचं मॉडेल आणि बायोसची आवृत्ती दिसते. त्या मॉडेलच्या नावानं बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर चालणाऱ्या प्रोसेसरची यादी असते, आणि प्रत्येक नावापुढे किमान कुठली बायोस आवृत्ती हवी तेही दिलेलं असतं. तुमचा प्रोसेसर यादीत नसेल तर पैसे घालू नका. बोर्डावर कंपनीचं नावच नसेल आणि यादीही सापडत नसेल, तर दुसऱ्या पिढीतच राहून आय-फाइव्ह २४०० घ्या, त्याला सहसा बायोसची कटकट नसते. मात्र तो ९५ वॅटचा आहे आणि ३४७० आहे ७७ वॅटचा. तुमचा सध्याचा ६५ वॅटचा. स्वस्तातल्या एच-६१ बोर्डावर सॉकेटजवळ वीज पुरवणारे भाग मोजकेच असतात, त्यांच्यावर कमी ताण यावा म्हणूनच माझी पहिली पसंती ३४७० ला आहे. सॉकेटच्या आसपासचे छोटे गोल कपॅसिटर डोक्यावर फुगलेले किंवा गळलेले दिसले, तर त्या बोर्डासाठी एसएसडीखेरीज काहीही घेऊ नका. एसएसडी उद्या दुसऱ्या मशीनला लागेल, प्रोसेसर लागणार नाही.

प्रोसेसर हा असा सुटा भाग आहे जो मी जुना घ्यायला बिनधास्त सांगते. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) किंवा हार्ड डिस्क मी जुनी घेऊ देणार नाही, पण प्रोसेसर सहसा मरत नाही. घेताना वरचं कोरलेलं नाव वाचा, उलटा करून सोनेरी ठिपके स्वच्छ आहेत का, मधले बारीक भाग शाबूत आहेत का ते बघा, आणि दुकानातच एखाद्या मशीनवर चालू करून दाखवायला सांगा. संभाजीनगर किंवा नांदेडला मिळून जाईल. आपल्याकडचे बरेच जण हैदराबादला गेले की सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून असं सामान आणतात. तिथला माल चांगला असतो, पण बदलून किती दिवसांत मिळेल ते आधी ठरवून घ्या, कारण परत द्यायला पुन्हा तेवढाच प्रवास आहे.

बसवणं अवघड नाही, घाई मात्र चालत नाही. प्लग काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज निघू द्या, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते. इंटेलच्या मूळ कूलरला चार पाय असतात. प्रत्येकाचं डोकं त्यावरच्या बाणाच्या दिशेनं फिरवून वर ओढलं की कूलर सुटतो. सॉकेटची तार बाजूला ढकलून वर करा, झाकण उघडा, जुना प्रोसेसर कडांना धरून सरळ उचला. आता सगळ्यात जपायची गोष्ट समोर असते: सॉकेटमधल्या बारीक पिना. त्यांना बोट, कापड, ब्लोअर काहीच लागू देऊ नका. एक पिन वाकली की बोर्ड गेला असं समजा. नव्या प्रोसेसरच्या दोन खाचा आणि कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवून तो अलगद ठेवा. दाबायचं नाही, तो आपल्या वजनानंच बसतो. झाकण लावून तार खाली नेताना थोडा जोर लागतो, करकर असा आवाजही येतो, तो बरोबर आहे. जुनी पेस्ट स्पिरिटनं पुसा, नवी तुरीच्या दाण्याएवढीच मधोमध ठेवा, कूलर बसला की ती पसरते. चारही पायांची डोकी आधी मूळ जागी फिरवून घ्या. मग पाय दाबताना एका कोपऱ्यानंतर त्याच्या तिरक्या समोरचा कोपरा घ्या, चारही वेळा ‘टक’ ऐकू आलं पाहिजे. पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागी लावायची आठवण ठेवा. चालू केल्यावर आधी बायोसमध्ये जाऊन नाव आणि तापमान बघा, मगच विंडोजकडे वळा. नुसता प्रोसेसर बदलल्यानं विंडोजचं लायसन्स सहसा जात नाही. ते बोर्डाशी बांधलेलं असतं.

विंडोज ११ चं उत्तर सरळ आहे: नाही. मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचे प्रोसेसर आहेत, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. तुमच्या सॉकेटचा आय-सेव्हनही तिसऱ्या पिढीचाच. ‘आय-सेव्हन टाकला की अकरा चालेल’ असं ज्यानं सांगितलं, त्याच्याकडून काही घेऊ नका. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून घरगुती मशीनला जादा सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, अजून केलं नसेल तर सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावर जाऊन आजच बघा. तुमच्या मशीनवर लोकांचे आधार, बँक पासबुक, सातबारा यांचे स्कॅन असतात. ते सांभाळणं हा धंद्याचाच भाग आहे. लिनक्स टाका असं तुम्हाला मी सांगणार नाही, कारण अंगठ्याचं मशीन, डिजिटल सही, जुना प्रिंटर यांचं काम विंडोजवर बसलेलं असतं.

म्हणून माझा हिशेब असा. आठव्या पिढीचं जुनं ऑफिस-मशीन कितीला मिळतं ते आधी विचारा. या मशीनवर घालायचा एकूण खर्च त्याच्या एक तृतीयांशाच्या आत राहत असेल तर घाला. एसएसडी आणि रॅममध्ये तो त्यातच बसावा. त्यापुढे जात असेल तर थांबा, पैसे साठवा, आणि ती एसएसडी पुढच्या मशीनला न्या. तोवर फॉर्म भरायला हे मशीन चालेल.

प्रश्न: माझ्याकडे एच-११० बोर्ड आणि सहाव्या पिढीचा आय-थ्री आहे. सॉकेट ११५१. आठव्या पिढीच्या आय-फाइव्हचंही सॉकेट ११५१ च आहे. मग तो बसवला तर विंडोज ११ पण चालेल ना?
— एक वाचक, भोकरदन

उत्तर: बसेल, पण चालू होणार नाही. पिनांची संख्या तीच असली तरी त्यांची आतली मांडणी इंटेलनं आठव्या पिढीत बदलली, आणि त्या पिढीला एच-३१०, बी-३६० अशा ३०० मालिकेचे बोर्ड लागतात. तुमच्या बोर्डावर सहावी आणि सातवी पिढी चालते. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह ६५०० मिळाला तर घ्या, चार कोअर मिळतील, पण अकराच्या आशेनं नाही.

प्रश्न: मी अंबाजोगाईला लग्नाचं शूटिंग आणि गावोगावच्या कीर्तनांचे व्हिडिओ करतो. आय-थ्री ४१३०, एच-८१ बोर्ड, ८ जीबी रॅम, एसएसडी आहे. तासाभराचा व्हिडिओ रेंडरला लावला की रात्र जाते. हल्ली मोबाइलवर घेतलेलं ४-के फुटेज टाइमलाइनवर चालतच नाही, अडखळत राहतं. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू कायम १००.
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर: भाऊ, तुम्ही बरोबर ठिकाणी बघितलंत. तुमचा प्रोसेसरच कमी पडतोय, आणि बदलण्यात अर्थ आहे. तुमच्या सॉकेट ११५० वर आय-सेव्हन ४७७० घ्या. दोन कोअरऐवजी चार, चारऐवजी आठ थ्रेड. रेंडर, म्हणजे व्हिडिओची शेवटची फाइल बनवणं, हे काम सगळ्या कोअरमध्ये वाटलं जातं, त्यामुळे वेळ साधारण निम्म्यावर यावा. ४७९० थोडा जास्त वेगाचा, पण सुरुवातीच्या एच-८१ बोर्डांना त्यासाठी बायोस नवं करावं लागतं. ४७७० ला बहुधा लागत नाही. फरक एवढा थोडा आहे की मी ४७७० वरच थांबले असते.

यासोबत दोन खर्च टाळू नका. आय-थ्रीचा छोटा ॲल्युमिनियमचा कूलर ५४ वॅटसाठी होता, आय-सेव्हन ८४ वॅटचा आहे आणि रेंडरला तो तासन् तास पूर्ण ताकदीनं चालणार. टॉवर कूलर घ्या. ११५०, ११५१, ११५५ या तिन्हींची भोकं सारखीच असतात, त्यामुळे यांतल्या कुठल्याही सॉकेटसाठीचा चालतो. दुसरा, एसएमपीएस. बिननावाच्या डब्यावर ४५० वॅट छापलेलं असतं, पण आत तेवढं असेल याची खात्री नसते. बऱ्या नावाचा, ८० प्लस छाप असलेला घ्या. रॅमही ८-८ मिळून १६ करा, त्यापुढे एच-८१ घेत नाही.

पण मोबाइलच्या ४-के ची अडचण आय-सेव्हननंही पूर्ण जाणार नाही, हे पैसे देण्याआधी माहीत असू द्या. आजचे बरेच मोबाइल व्हिडिओ एचईव्हीसी प्रकारात साठवतात. तो उलगडण्याची सोय इंटेलच्या प्रोसेसरमध्ये नीट आली ती सहाव्या पिढीपासून. चौथ्या पिढीत फक्त जुन्या एच-२६४ ची सोय आहे, एचईव्हीसीचं सगळं ओझं कोअरवर पडतं. यावर दोन उपाय आहेत. शूटिंगआधी मोबाइलच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘हाय एफिशिअन्सी’ बंद करा, म्हणजे एच-२६४ मध्येच रेकॉर्ड होईल. फाइल मोठी होईल, पण टाइमलाइन चालेल. आणि आधीच घेतलेल्या फुटेजची प्रॉक्सी करा, म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या आकाराची नक्कल बनवून देतं, तुम्ही तिच्यावर कापाकापी करता आणि शेवटी मूळ फुटेजवरून रेंडर होतं. प्रॉक्सी बनवायला रात्री लावून ठेवा.

तुमच्या हातात चौथी पिढी आहे हे एका अर्थी बरं आहे. नवी एडिटिंग सॉफ्टवेअर ज्या एव्हीएक्स-टू सूचना मागतात त्या आय-थ्रीपासून वरच्या चौथ्या पिढीत आहेत, तिसऱ्या पिढीच्या आय-सेव्हनमध्येही नाहीत. लग्नसराई सुरू होण्याआधी काम उरका. ऐन तिथीच्या आठवड्यात मशीन उघडू नका.

प्रश्न: लातूरहून लिहितोय. मुलीच्या अभ्यासासाठी २०१८ मध्ये रायझन थ्री २२००-जी चं मशीन घेतलं होतं, बी-३५० बोर्ड. आता ती इंजिनिअरिंगला आहे, प्रोसेसर वाढवता येईल का? रायझन फाइव्ह ५६०० स्वस्तात मिळतोय.
— एक पालक, लातूर

उत्तर: काका, या सगळ्या पत्रांत तुमचं मशीन सगळ्यात नशीबवान. एएमडीनं एएम-४ हे एकच सॉकेट रायझन १००० पासून ५००० पर्यंत ठेवलं, आणि २०२२ मध्ये बी-३५० सारख्या पहिल्या बोर्डांनाही ५००० मालिकेची परवानगी दिली. पण ५६०० घेऊ नका. त्याच्यात ग्राफिक्स नाही. तुमच्या २२००-जी मधला ‘जी’ म्हणजे ग्राफिक्स आत आहे, तेच मॉनिटरवर चित्र दाखवतंय. ५६०० बसवला आणि वेगळं कार्ड नसेल तर मॉनिटर काळाच राहील. ५६००-जी घ्या: सहा कोअर, बारा थ्रेड, वॅट तुमच्या आत्ताच्या प्रोसेसरएवढेच, ६५. विंडोज ११ लाही चालतो.

बायोस आधी नवं करा, जुना प्रोसेसर आत असतानाच, आणि मशीन यूपीएसवर असतानाच. बायोस लिहिलं जात असताना लाइट गेली तर बोर्ड उघडेनासा होतो. आपल्याकडे लाइटीचा भरवसा किती ते तुम्हाला सांगायला नको. यूपीएसची बॅटरी जुनी झाली असेल तर शेजारून मागून आणा, पण त्याशिवाय सुरू करू नका.

आणखी एक. एएम-४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, बोर्डाला नाही. जुना कूलर थंड असताना सरळ वर ओढला तर वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरसोबत येतो आणि पिना वाकतात. म्हणून मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवा, पेस्ट गरम होऊ द्या, बंद करून प्लग काढा, आणि कूलर डावी-उजवीकडे हलके पिळत सोडवा.

प्रश्न: आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेला काही जुने संगणक देणगीत मिळाले. कोअर टू ड्युओ, जी-३१ बोर्ड, २ जीबी रॅम. कोअर टू क्वाड स्वस्तात मिळतो असं ऐकलं. टाकावा का? मुलांना मराठी टायपिंग आणि चित्रं काढायला शिकवायचं आहे.
— एक शिक्षिका, हिंगोली जिल्हा

उत्तर: बाई, क्वाडला एक रुपयाही घालू नका. तो जुना आणि तापट आहे, जी-३१ बोर्ड फार तर ४ जीबी रॅम घेतो, आणि नवं विंडोज या पिढीच्या प्रोसेसरवर चालतच नाही. पण टायपिंग आणि चित्रांसाठी आहे तो कोअर टू ड्युओ पुरेसा आहे. तो ६४ बिटचा आहे, म्हणून लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती त्यावर चालते. ती फुकट आहे. डीडीआर-टू रॅम २-२ करून प्रत्येक मशीनला ४ जीबी करा. पुरेशी रॅम मिळाली नाही तर दोन मशीनची एकत्र करून निम्मीच चांगली चालवा. सगळी रखडवण्यापेक्षा ते बरं. छोट्यातली छोटी एसएसडी शाळेला कोणी देणार असेल तर तीच मागा.

मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून चालू करता येतो, शासकीय कामातही तोच लागतो, त्यामुळे मुलांचा हात सुरुवातीपासून त्यावरच बसू द्या. लिहायला लिब्रेऑफिस आधीच आत असतं, चित्रांसाठी टक्स पेंट टाका, लहान मुलांना ते लगेच जमतं. मशीन चालू केल्यावर तारीख कितीतरी वर्षं मागची दिसत असेल तर बोर्डावरचा सीआर-२०३२ हा गोल सेल बदला. तारीख चुकीची असली की बऱ्याच साइट उघडत नाहीत आणि सगळे दोष इंटरनेटला देत बसतात. सगळ्या मशीनवर एकदम घालू नका. आधी एकावर टाकून एक-दोन आठवडे मुलांच्या हातात द्या. प्रिंटर आणि साउंड नीट चालले तर मग बाकीच्यांवर त्याच पेन ड्राइव्हनं टाका.